चारशे बारा ग्रॅम

मी गेलो होतो फक्त सातच्या बटणासाठी.
जुन्या फोनचं सात दबत नव्हतं,
आणि नॉर्वेला लावायचा तर आधी सत्तेचाळीस.
चार मुकाट उमटायचा,
सात काही केल्या हलायचा नाही.

दुकानातला पोरगा, दोमान्तास,
नव्या शर्टाचं लेबल अजून मानेवर तसंच,
म्हणाला, आजोबा, बटणं आता कोणी दुरुस्त करत नाही.
फोन राहू द्या, करार नवा घ्या.
महिन्याला चार युरो जास्त,
आणि हा टॅब आमच्याकडून भेट.
ह्यावर नात दिसेल तुम्हाला.
नातीचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं.
माझ्या वयाच्या प्रत्येकाला
कुठेतरी लांब एक नात असते
असं त्यांना शिकवून ठेवलेलं असावं.

चार गुणिले चोवीस.
हिशेब मी तिथेच केला, उभ्या उभ्या.
शहाण्णव.
आणि तरी सही केली.

एकतीस वर्षं मी क्लायपेदाच्या बंदरात
वजनकाट्यावर बसलो.
लाकूड, पीट, पोत्यांतलं खत.
ट्रक काट्यावर चढायच्या आधीच
टायर किती बसलेत ते बघून सांगायचो,
ड्रायव्हर खरं बोलतोय की नाही.
आणि हे हातात घेतलं,
बिस्किटं संपलेल्या डब्यासारखं,
तेव्हा तळहाताला कळलं होतं.
तळहाताचं मी ऐकलं नाही.
खोक्यावर बर्फाचा डोंगर होता, फार सुबक.

आल्दोना म्हणाली, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत.
मी म्हटलं, धर्माची कसली,
वैरण तर दर महिन्याला आपणच घालतोय.

गाय उठायला वेळ घ्यायची.
बटण दाबायचं, बटाटे सोलायचे,
मग पडदा उजळायचा.
अक्षर टेकवलं की विचारात पडायची.
बॅटरी चाळिसावरून थेट तीनवर,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तशी.

शनिवारी उग्ने यायची. बर्गनहून.
चेहरा चौकोनाचौकोनांचा,
आधी आवाज, मागाहून ओठ.
पडलेला दात दाखवला तिने,
मला दिसला एक गुलाबी डाग.
केवढा मोठा, म्हणालो.

मग तो शनिवार.
चित्र थांबलं ते ती हसत असताना.
आवाज तुटत होता, एक शब्द, मग खरखर, मग अर्धा शब्द.
समोर हसरं तोंड, म्हणून मीही हसलो.
मोठ्याने. चांगला पोट धरून.
रात्री मुलीचा फोन आला:
बाबा, तिचा बोका तीन दिवस घरी आलेला नाही,
ती रडत होती, आणि तुम्ही

पुढचं ती बोलली नाही.

सोमवारी दुकानात गेलो. दोमान्तास नव्हता.
दुसऱ्या मुलीने पडद्यावर बोट फिरवलं,
म्हणाली, चालतोय की.
खरंच, तिच्यासमोर तो बऱ्यापैकी चालला.
करार मोडायचा तर उरलेले सगळे हप्ते एकदम.
सतरा महिने.
मी तिच्यावर ओरडलो नाही. तिच्याही मानेवर
तसंच लेबल असेल, असं उगाच वाटलं.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
चारशे बारा ग्रॅम.
आल्दोनाने पीठ मोजायचं भांडं हातात धरलं होतं,
ती वाट बघत उभी राहिली, काही न विचारता.
मी आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.
कशासाठी, ते सांगता येणार नाही. सवय.

मग जुना फोन काढला.
शून्य, शून्य, चार.
सातवर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवलं
आणि अंगठ्याने जोर दिला,
नख पांढरं होईपर्यंत.
बीप वाजली.
उग्नेनेच उचलला.
मी म्हटलं, बोका कसा दिसतो ते मला नीट सांग,
अगदी शेपटीपासून. सावकाश.
एक कान फाटका, ती म्हणाली.
मी विचारलं, कुठला?
ती थांबली.
बहुतेक स्वतःच्या कानांना हात लावून बघत असावी.